नसलेली पायरी

एकशे एकसष्ट पायऱ्या.
एकोणीस वर्षं उतरतेय, टपालाची पिशवी डाव्या खांद्यावर,
आणि त्या मंगळवारी
मी एकशे बासष्टावी उतरले.

ती नव्हती.

पाय हवेत तिला शोधत राहिला, मिळाली सपाट फरशी,
आणि घोट्यात काहीतरी
ओल्या फडक्यासारखं पिळलं गेलं.
पत्रं उडाली. विजेची बिलं, बँकेची पाकिटं,
आणि दोन्या फ्रेसियाच्या मुलीचं स्वीडनहून आलेलं कार्ड.
ते मी ओरडायच्या आधी उचललं, कोटाच्या खिशात टाकलं,
मग ओरडले.

वालपारायसोचे कुत्रे माणसाला ओळखतात.
दोघं आले, पाय हुंगला,
निदान न सांगता निघून गेले.

घरी पोचेतो घोटा वांग्याएवढा. रंगही वांग्याचाच.
दवाखान्यात चार तास बाकावर बसले, मग फोटो.
"हाड शाबूत आहे. सांध्याची दोरी ताणलीय.
पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा, बर्फ लावा वीस मिनिटं,
आणि बसून राहा."
शेवटचं सोडून बाकी सगळं औषध होतं.

बर्फ घरात नव्हता. गोठवलेल्या मक्याची पिशवी होती.
तीन दिवस तिच्यावर पाय टेकला,
चौथ्या दिवशी तोच मका उकडून खाल्ला.

ओतिल्दे म्हणाली, प्लाया आन्चाला एक बाई आहे,
अंगठ्याने दाबून शिरा जागेवर बसवते.
मी म्हटलं, माझ्या शिरा जागेवरच आहेत, नुसत्या रुसल्यात.
ती रोजमेरीच्या अर्काची बाटली ठेवून गेली.
लावली नाही. रात्री बूच काढून हुंगायचे,
डोंगरावर गेल्यासारखं वाटायचं.

माझ्या जागी मायकोल आला, वय बावीस, कानात गाणी.
तो घरांचे आकडे वाचतो.
आमच्या टेकडीवर आकडे खोटं बोलतात:
अडतीसच्या शेजारी एकशे बारा,
आणि चाळीस नंबर मागच्या गल्लीत, अंजिराखाली.
मग लोक एकमेकांची पत्रं घेऊन
माझ्या दारात उतरू लागले.
पाय स्टुलावर, मांडीवर ढीग,
हे तुझं, हे त्याचं, हे मेलेल्याचं, इकडे दे.
आख्खी टेकडी खाली आली. मी एकटी वर जाऊ शकत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली,
पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढा, ए बी सी.
मला नुसती अक्षरं जमत नाहीत.
मी नावं लिहिली, घरांच्या क्रमाने, खालून वर:
अराया, कोन्चा, त्या दोघी बहिणी, उयोआ.
मुन्योस लिहिताना
त्यांच्या अक्षराच्या डोक्यावरची ती नागमोडी रेघ
घोट्याच्या बाहेरच्या कडेला चावायची.
म्हणून मुन्योस रोज शेवटी.

मग एका पायावर उभं राहणं, चहाचं पाणी उकळेपर्यंत.
पहिल्या दिवशी पाणी जिंकलं.
पुढचे नऊ दिवसही.

सहाव्या आठवड्यात कोट घातला
आणि खिशात हात गेला.

सगळ्यांत आधी तिथेच चढले, कठड्याला धरून,
अराया, कोन्चा, बहिणींच्या खिडक्या मागे टाकत.
दोन्या फ्रेसियाने चष्मा न लावताच कार्ड वाचलं.
*एप्रिलमध्ये येतेय, आई.*
"येऊनही गेली," ती म्हणाली. "अचानक दारात उभी.
इतकी दचकले, हातातली बशी फुटली."
मग हसली. बशीचा तुकडा जपून ठेवलाय, दाखवला.

तरुणपणी एक साहेब मला म्हणाला होता,
आपली पायरी ओळखून राहा.
ओळखते, साहेब. एकेकीला ओळखते.
संपतात कुठे, एवढंच चुकलं.

अजूनही तळाशी पोचले की
उजवा पाय जरा थांबतो, विचारतो.
मी सांगते, नाहीये रे.
मग टेकतो.